खर्ड्याचा भुईकोट : सरहद्दीवरील किल्ल्याचे सामर्थ्य आणि मर्यादा

प्रास्ताविक :
महाराष्ट्रातील दुर्गांचा विचार बहुधा सह्याद्रीच्या गिरिदुर्गांपाशीच थांबतो. वस्तुतः पर्जन्यछायेतील पठारावरचे भुईकोट हेही सरहद्दीच्या राजकारणाचे महत्त्वाचे साधन होते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यातील खर्डा येथील किल्ला हे त्याचे सुस्थितीतील उदाहरण होय. अशा किल्ल्याचे सामर्थ्य व मर्यादा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

स्थान व रचना :
निजामाच्या सेवेतील निंबाळकर घराण्याने अठराव्या शतकाच्या मध्यास हा किल्ला बांधला. चौरस आराखडा, घडीव दगडांचा सुमारे २५ ते ३० फूट उंचीचा तट, बुरूज, आत मशीद व विहीर अशी त्याची रचना आहे. डोंगराचा नैसर्गिक आधार नसल्याने संरक्षणाचा सर्व भार तट, खंदक आणि पाण्याचा साठा यांवर पडतो. जॉर्डनच्या वाळवंटातील कस्र बशीर हा इ. स. २९३ ते ३०५ च्या दरम्यानचा रोमन सरहद्द-किल्लाही चौकोनी असून तेथेही पाण्याच्या टाक्यांची योजना आढळते. दोहोंमध्ये ऐतिहासिक संबंध नाही; मात्र कोरड्या मुलखातील लहान शिबंदीची गरज समान आहे.

१७९५ चा वेढा :
११ मार्च १७९५ रोजी मराठे व निजाम यांच्यात खर्ड्याजवळ लढाई झाली. रात्री निजाम अलीने किल्ल्याचा आश्रय घेतला. येथेच भुईकोटाची मर्यादा उघड झाली. शिबंदीसाठी पुरेसा असलेला कोट राजाच्या लवाजम्यास व अफाट फौजेस सामावू शकत नव्हता. मराठ्यांनी वेढा आवळला, तोफांचा मारा चालविला आणि अल्पावधीतच निजामाने तहाची याचना केली. तट न ढासळताही किल्ल्यातील सत्ता नमली. दौलताबादचा किल्ला, परांड्यापासून तापीपर्यंतचा प्रदेश आणि तीन कोटी रुपये देण्याचे निजामाने मान्य केले. तथापि ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवरावांचा मृत्यू झाला आणि पुण्यातील वारसाकलहात या विजयाची बरीचशी फलश्रुती नाहीशी झाली.

समारोप :
खर्डा परिसराचे सरहद्दीपण पुढेही टिकले. लगतचे बीड व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) हे जिल्हे १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. म्हणून क्षेत्रभेटीत केवळ तटाची उंची व बुरुजांची संख्या नोंदवणे अपुरे ठरते. आतील विहीर, मोकळी जागा आणि भोवतालचा कोरडा मुलूख यांचा एकत्रित विचार केल्यासच हा किल्ला कोणासाठी, किती काळ पुरेल अशा हिशेबाने बांधला गेला, याचा उलगडा होतो.