सभेत गप्प का बसता?

अंबरनाथ-बदलापूरकडच्या गावांत भातपिकाची सभा भरली, की विचारणारे तेच दोघे-तिघे. बाकीचे नुसते ऐकतात. ऐकण्यात कमीपणा नाही. दुसऱ्याच्या प्रश्नातूनही शिकता येते. पण ‘लोक हसतील’, ‘दुसरा कोणी विचारील’ म्हणून गप्प राहाल, तर नुकसान तुमचेच.

भाताच्या पानावर डोळ्याच्या आकाराचे ठिपके दिसले, तर तो करपा असू शकतो. पीक सुधारावे म्हणून युरिया वाढवला, तर रोग उलट बळावतो. वेळीच विचारले, तर खतही वाचते, पीकही. बोलायला संकोच वाटला, तर रोगट पान घेऊन या आणि नुसते पुढे करा.

भगिनींनो, ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. तिथे जरूर बोला. तुमचा प्रश्न शेजारणीच्याही मनात असतो.