बालवाङ्मयाचे शिल्पकार – लेखांक सातवा : सुकुमार राय

गेल्या आठवड्यात उपेंद्रकिशोर रायचौधरी यांच्या छापखान्याची हकीकत सांगताना त्यांच्या ज्येष्ठ पुत्राचा केवळ ओझरता उल्लेख करून मी पुढे गेलो, तो हेतुपुरस्सर. कारण ज्या लेखकाच्या कविता बंगालमधील मुले आजही अक्षरओळख होण्यापूर्वीच ऐकून पाठ करतात, त्याला वडिलांच्या चरित्रातील एका परिच्छेदात बसविणे अनुचित झाले असते.

सुकुमार राय यांचा जन्म ३० ऑक्टोबर १८८७ रोजी कलकत्त्यास झाला. प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदार्थविज्ञान आणि रसायन हे विषय घेऊन ते पदवीधर झाले, आणि १९११ साली गुरुप्रसन्न घोष शिष्यवृत्ती मिळवून मुद्रण व छायाचित्रण यांच्या अभ्यासासाठी विलायतेस गेले. प्रथम लंडनमध्ये व नंतर मँचेस्टरमध्ये त्यांनी जी विद्या संपादन केली, ती काव्यशास्त्राची नसून ठसे तयार करण्याची होती, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. त्यांच्या काव्याचे मर्म मला तेथेच सापडते.

छायाचित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत असंख्य छटा असतात, परंतु छापयंत्राला एकच शाई ठाऊक असते. ती कागदावर उमटते किंवा उमटत नाही, मधली स्थिती तिला नाही. म्हणून मूळ चित्र आणि छायाचित्रणाची काच यांच्यामध्ये अतिसूक्ष्म आडव्याउभ्या रेघांची काचेची जाळी धरून चित्राचे लहानमोठ्या ठिपक्यांत विभाजन करावयाचे, ते ठिपके धातूच्या पत्र्यावर उतरवून आम्लाने कोरावयाचे, आणि मोठ्या ठिपक्यांच्या जागी डोळ्यास सावली व लहान ठिपक्यांच्या जागी उजेड भासवावयाचा, ही हाफटोनची युक्ती होय. जाळीचे अंतर किंचित चुकले तरी चेहऱ्यावर डाग पडतात. या विषयावर पितापुत्र दोघांचेही लेख विलायतेतील ‘पेनरोज’ वार्षिकात प्रसिद्ध झाले, आणि पुढे लंडनच्या रॉयल फोटोग्राफिक सोसायटीने सुकुमारांना आपले फेलो म्हणून निवडले.

१९१३ साली ते परतले, त्याच वर्षी उपेंद्रकिशोरांनी ‘संदेश’ हे मुलांचे मासिक सुरू केले होते. डिसेंबर १९१५ मध्ये वडील निवर्तले आणि गडपार रस्त्यावरील घर, छापखाना व मासिक या तिन्हींचा भार अठ्ठावीस वर्षांच्या सुकुमारांवर पडला. कविता, कथा, नाटुकली, शास्त्रीय शोधांची आणि संशोधकांची माहिती, शिवाय चित्रे, इतका मजकूर ते दरमहा स्वतः पुरवीत. त्यांची विज्ञानविषयक टिपणे आज कोणी फारशी वाचत नाही, आणि याचे मला वाईट वाटते.

त्यांच्या कवितेकडे पाहून ‘हे तर सारे स्वैर, मनाला येईल ते’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. तिला लिअर व कॅरोल या इंग्रज असंबद्धकाव्यकारांचा प्रतिध्वनी मानणारेही भेटतात. त्या दोघांचे ऋण आहेच. परंतु सुकुमारांच्या असंबद्धतेमागे जी काटेकोर शिस्त आहे ती त्यांची स्वतःची, आणि माझ्या मते ती रसायनशाळेत व छापखान्यात घडलेली आहे. बदक आणि साळिंदर, बगळा आणि कासव, हत्ती आणि देवमासा यांचे संकर त्यांनी कल्पिले, तेव्हा नुसती दोन नावे एकत्र गुंफून ते थांबले नाहीत. स्वतः काढलेल्या चित्रांत ते प्राणी असे चितारले की एकाची काया कोठे संपते आणि दुसऱ्याची कोठे सुरू होते हे शोधूनही सापडू नये. अशक्य गोष्टीचा एक नियम ठरवावयाचा आणि तो शेवटपर्यंत मोडावयाचा नाही, ही त्यांची रीत. ‘ह-ज-ब-र-ल’ या कथेतील हिशेबनीस कावळा पाटी-पेन्सिल घेऊन बसतो आणि गुणाकाराच्या उत्तरात काळाचाही हिशेब धरतो. तेथील म्हाताऱ्याचे वय चाळिसापर्यंत चढले की उलट फिरते. घुबड न्यायाधीश, साळिंदर फिर्यादी आणि मगर वकील असा खटला चालतो, व साक्षीदार पैसे घेऊन साक्ष देतात. बंगाली गद्यातील मुलांसाठी लिहिलेली ही सर्वश्रेष्ठ कथा होय, असे मी निःशंकपणे म्हणेन.

त्या खटल्यावरून एक गोष्ट सहज सुचते. ज्या कलकत्त्यात ते राहिले ते कचेऱ्यांचे, कारकुनांचे आणि सरकारी हुकुमांचे शहर होते. त्यांच्या एका कवितेतील राज्यात पाय घसरून पडणाराला शिपाई पकडून नेतो आणि शिंकण्यासाठी परवाना लागतो. दुसऱ्या एका कवितेत कचेरीतील मोठे बाबू आपल्या मिशा चोरीस गेल्या म्हणून सर्वांवर जुलूम करतात. मुले त्यावर हसतात, आणि त्या कायद्यांखाली दिवस काढणारे त्यांचे वडीलही निराळ्या कारणाने हसतात.

हे कार्य ऐन भरात असताना, १९२१ साली, त्यांना काळा आजार जडला. त्याच शहरात डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी या रोगावर युरिया स्टिबामाइन हे औषध १९२० च्या सुमारास सिद्ध केले होते, परंतु त्याचा प्रसार अद्याप व्हावयाचा होता. हे आठवले म्हणजे मन विषण्ण होते. अडीच वर्षांच्या त्या दुखण्यात त्यांनी लेखन व चित्रकला सोडली नाही. ‘आबोल ताबोल’ या संग्रहाची मांडणी, मुखपृष्ठ आणि चित्रे अंथरुणावर पडूनच त्यांनी तयार केली. अखेरच्या दिवसांत रवींद्रनाथ भेटीस आले व सुकुमारांच्या इच्छेवरून त्यांनी गाणी म्हणून दाखविली. १० सप्टेंबर १९२३ रोजी सुकुमारांचा अंत झाला, आणि पुस्तक त्यानंतर नवव्या दिवशी प्रसिद्ध झाले.

कर्त्याच्या पश्चात थोड्याच वर्षांत छापखाना बुडाला, घर हातचे गेले आणि ‘संदेश’ही बंद पडले. वडील गेले तेव्हा जो मुलगा सव्वादोन वर्षांचा होता, त्या सत्यजित राय यांनी १९६१ साली कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्या साहाय्याने ते मासिक पुन्हा सुरू केले. त्या दुसऱ्या पर्वाचा वृत्तांत पुढील लेखांकात येईल.