स्मरणशक्तीची गोळी आणि ब्राह्मी

परीक्षांचे दिवस जवळ आले की ओळखीचे पालक मला विचारतात, "पायरासिटाम द्यावं की ब्राह्मी?" मी औषधशास्त्र शिकवतो, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो.

पायरासिटाम हे प्रयोगशाळेत जन्मलेले रसायन. बेल्जियममधील यूसीबी कंपनीत कॉर्नेलियू जुर्जिया यांनी ते १९६४ मध्ये तयार केले. मेंदूतील 'गॅबा' या द्रव्याशी त्याची रचना जुळते, त्यामुळे ते झोप आणेल अशी अपेक्षा होती. तसे घडले नाही. झोप न आणता, उत्तेजनाही न देता स्मरणाला मदत करणाऱ्या औषधांसाठी जुर्जिया यांनी १९७२ मध्ये 'नूट्रॉपिक' हा शब्द घडवला. शब्द जगभर रुजला, पुरावा मात्र तोकडाच राहिला. १९७६ मध्ये १६ विद्यार्थ्यांना रोज ४.८ ग्रॅम औषध दिले, तेव्हा १४ दिवसांनी त्यांचे शब्दपाठांतर सुधारलेले दिसले. पण १६ जण म्हणजे किती? पुढे स्मृतिभ्रंशावरील प्रयोगांचा 'कॉक्रेन'ने आढावा घेतला, तेव्हाही ठोस आधार मिळाला नाही. स्नायूंना अचानक झटके येण्याच्या विकारात मात्र ते खरोखर उपयोगी पडते. हे औषध मूत्रपिंडावाटे जसेच्या तसे बाहेर पडते आणि रक्तातील बिंबिकांची चिकटण्याची क्रिया कमी करते. म्हणून मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किंवा रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. आजोबांना लिहून दिलेली गोळी नातवाला देणे तर नकोच.

ब्राह्मीची चाल संथ आहे. तिच्यातील 'बॅकोसाइड' या घटकांवर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने पुष्कळ काम केले. ऑस्ट्रेलियात २००१ मध्ये निरोगी माणसांना रोज ३०० मिलिग्रॅम अर्क दिला गेला. पाच आठवड्यांनी फरक नव्हता, बारा आठवड्यांनी दिसला. पुढच्याच वर्षी तिथेच झालेल्या दुसऱ्या प्रयोगातले निरीक्षण मला अधिक बोलके वाटते: शिकण्याचा वेग तोच राहिला, पण शिकलेले विसरण्याचे प्रमाण घटले. फेब्रुवारीच्या अखेरीस पेपर असेल, तर बारा आठवडे मागे मोजा, डिसेंबर लागतो! शिवाय हे दोन्ही प्रयोग प्रौढांवरचे. दहावीतल्या मुलांना ते तसेच लागू करता येत नाहीत. काहींना ब्राह्मीने मळमळते, पोट बिघडते, तेही परीक्षेच्या तोंडावर परवडणारे नाही.

तेव्हा पालकांना माझे उत्तर असते, आठवड्यावर आलेल्या पेपरासाठी दोन्ही नको. मोठ्या माणसाला सावकाश करून पाहायचे असेल तर ब्राह्मी, पण डॉक्टरांना विचारून आणि बाटलीवरचे नाव वाचून. आपल्याकडे दोन वेगळ्या वनस्पतींना ब्राह्मी म्हणतात. वर सांगितलेले प्रयोग 'बॅकोपा मोनिएरी'चे, म्हणजे लहान, मांसल पानांच्या नीरब्राह्मीचे. गोलसर, दातेरी कडांच्या पानांची ती मंडूकपर्णी, 'सेंटेला एशियाटिका'. तिला हे निष्कर्ष लागू होत नाहीत.