‘मंडळी’ या शब्दाचा एक विशेष

कारंजा लाड येथील जुन्या जैन मंदिरांची ओळख सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ या परंपरांच्या नावांनी होते. ‘गण’ व ‘संघ’ हे मूळचे समूहवाचक शब्द येथे विशिष्ट धर्मपरंपरांची नावे झाले आहेत. मराठी ख्रिस्ती समाजातील ‘मंडळी’ या शब्दाचा प्रवासही याच जातीचा आहे.

ग्रीक ‘एक्लेसिया’ म्हणजे सभा. मराठी बायबलात त्यासाठी ‘मंडळी’ हा शब्द योजला आहे. इमारत ते ‘चर्च’ किंवा ‘देऊळ’. माणसे ती ‘मंडळी’. नित्य व्यवहारात आपण ‘घरची मंडळी’, ‘मंडळींना’ असे म्हणतो. ‘मंडळ्या’, ‘मंडळ्यांना’ ही रूपे सहसा करीत नाही. ख्रिस्ती मराठीत मात्र ती रूढ आहेत; कारण तेथे गावोगावची प्रत्येक मंडळी निराळी मोजली जाते.

अशा अनेक मंडळ्यांची एक मंडळी झाली, तर प्रत्येकीच्या रीतीभातींचे काय व्हावे? २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चसंस्था एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. त्यांत बिशपांची परंपरा असलेले, बालकांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते, तसे जाणत्या वयातच तो देणारे बाप्टिस्टही होते. बिशपपद सर्वांनी स्वीकारले. बाप्तिस्म्याच्या मात्र दोन्ही रीती मान्य झाल्या. घरच्या मंडळींचे स्वभाव भिन्न असले, तरी ती एका पंक्तीला बसतात. शब्दाचा हा घरगुती अर्थ ख्रिस्ती प्रयोगातही टिकून राहिला, असे म्हणता येईल.