घरगुती कंपनी आणि सहीची जबाबदारी

कंपनीच्या नावापुढील ‘मर्यादित’ या शब्दाने पुष्कळ कुटुंबांस एक खोटा धीर दिला आहे. धंदा बुडाला तर दिवाळे कंपनीचे निघेल, घरास धक्का लागणार नाही, अशा समजुतीने कर्ता पुरुष पत्नीस, वृद्ध वडिलांस किंवा नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलास संचालक करतो. आणि पुढे येईल त्या कागदावर ही मंडळी निमूटपणे सही करीत जातात. ही समजूत कोठवर खरी आहे, हे पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

तिचे मूळ एका घरगुती कंपनीतच सापडते. लंडनच्या व्हाइटचॅपेल भागातील आरन सॉलोमन या बुटांच्या व्यापाऱ्याने १८९२ साली आपल्या धंद्याची कंपनी केली. एकंदर २०,००७ भागांपैकी २०,००१ त्याचे. पत्नी, कन्या व चार पुत्र यांस प्रत्येकी एक. वर्षभरातच कंपनी बुडाली. तिची देणी सॉलोमनने स्वतः फेडावीत, असे खालच्या न्यायालयांनी ठरविले. परंतु १८९६ च्या नोव्हेंबरात हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला की, कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती होय, तिचे ऋण ते सॉलोमनचे नव्हे. आपल्या कायद्यासही हे तत्त्व मान्य आहे.

तथापि हे कवच भागधारकाचे आहे. संचालकाची गोष्ट निराळी. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १६६ व्या कलमान्वये संचालकाने सद्भावाने, वाजवी काळजीने व स्वतंत्र बुद्धीने वागले पाहिजे. प्रत्यक्ष कारभार न पाहणाऱ्या संचालकास कायद्याने काही सवलत ठेवली आहे खरी. पण गैरकृत्य त्याच्या संमतीने घडले किंवा त्याने दक्षता बाळगली नाही, असे दिसल्यास ती सवलत उरत नाही. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचे ६६ वे कलम याहून कडक आहे. दिवाळे टळत नाही हे ज्यास कळले होते, किंवा कळावयास हवे होते, अशा संचालकाने धनकोंचे नुकसान कमी करण्याची खटपट केली नाही, तर त्यास पदरचे पैसे भरण्याचा हुकूम न्यायाधिकरण करू शकते.

सर्वांत मोठा धोका मात्र हमीपत्राचा. खाजगी कंपनीस कर्ज देताना बँका बहुधा संचालकांचा व्यक्तिगत जामीन मागतात. तो देणारा ‘मर्यादित’पणाची भिंत स्वहस्ते पाडतो. १ डिसेंबर २०१९ पासून अशा जामिनांसही ही संहिता लागू झाली. मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले, आणि कंपनीच्या पुनर्रचनेची योजना मंजूर झाली एवढ्यावरून जामीन आपोआप मोकळा होत नाही, असेही सांगितले.

येथे एक विलक्षण विसंगती आमच्या ध्यानी येते. पित्याचे ऋण पुत्राने फेडावे, असे आपले धर्मशास्त्र सांगत आले. २००५ च्या हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने त्यानंतरच्या ऋणाबाबत, केवळ पुत्रधर्म म्हणून वसुली करण्याचा धनकोचा हक्क काढून घेतला. ज्या बंधनातून कायद्याने मुलास सोडविले, तेच बंधन आपण एका सहीने त्याच्या गळ्यात पुन्हा अडकवितो!

यास्तव संचालक होणाऱ्याने ताळेबंद मागून वाचावा. न पटलेल्या ठरावास आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. राजीनामा दिला म्हणजे हमी सुटत नाही, हेही लक्षात ठेवावे. पुढील व्यवहारांपुरती चालू हमी मागे घेता येते, पण त्यासाठी बँकेस स्वतंत्र नोटीस द्यावी लागते. मागील देणे उरतेच.

घरात सही मागणे हा अविश्वासाचा विषय नसतो, म्हणूनच कागद वाचावयास मागणे हाही अविश्वास समजला जाऊ नये. राहते घर कोणाच्या सहीवर उभे आहे, हे त्या घरातील प्रत्येकास, विशेषतः गृहिणीस, ठाऊक असलेच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.