गल्ला पुन्हा भरेल, माणसाचं काय?

आपल्यापैकी पुष्कळांचा ऊस हा मुख्य धंदा असला तरी त्याच्या जोडीला काही ना काही दुसरा व्यवसाय आहे. कोणाचे खत-बियाण्यांचे दुकान, कोणाचे गुऱ्हाळ, कोणाची पिठाची गिरणी, कोणाचे दूध संकलन, तर कोणाचे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकान. अशा धंद्यात एक-दोन माणसे कामाला असतात आणि संध्याकाळी गल्ल्यात रोकड जमते. या रोकडीची आणि या माणसांची काळजी कशी घ्यावी, हे मला जरा उशिरा आणि महागात शिकावे लागले. माझी चूक दुसऱ्या सभासदाकडून होऊ नये म्हणून हा लेखनप्रपंच.

त्या संध्याकाळी काय घडले

गोष्ट २०२२-२३ च्या गळीत हंगामातली. माझे खताचे दुकान पेठेत आणि घर मळ्यातल्या वस्तीवर, मध्ये दीड किलोमीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंनी उभा ऊस. उसाची बिले बँकेत जमा झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लोक उधारी भागवायला दुकानी येतात, हे आपण सर्वजण जाणतोच. त्या दिवशी गल्ला चांगला भरला. नेहमीप्रमाणे साडेसात वाजता दुकानातल्या मुलाने निळ्या पिशवीत रक्कम घातली आणि सायकलवर टांग मारली. रोजची वेळ तीच, पिशवी तीच आणि रस्ताही तोच.

मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी त्याला ओढ्याजवळ अडवले. पिशवी मागितली, त्याने दिली नाही. हिसडा दिला तरी सोडली नाही. मग लोखंडी पाइपाचा एक घाव मनगटावर आणि एक डोक्यात बसला. चौऱ्याऐंशी हजार रुपये गेले. मुलाचे मनगट मोडले आणि डोक्याला सात टाके पडले. वय अवघे एकोणीस.

दवाखान्यात मी त्याला रागानेच म्हणालो, "अरे, द्यायची होतीस पिशवी! जीव मोठा का पैसा मोठा?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अण्णा, मागल्या म्हैन्यात दोनशे कमी भरलं तवा तुमी पगारातनं कापलं. ह्यो येवढा पैसा मी कुठनं भरणार हुतो?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. पाइप मारणारे दुसरेच होते, पण पोराची मूठ त्या पिशवीवर आवळायला मी लावली होती.

चोराला माहिती कोण देतो?

आपण म्हणतो, चोराने पाळत ठेवली. खरे पाहता पाळत ठेवण्याची गरजच नव्हती. बिल कधी जमा झाले ते चावडीवर कळते, उधारी कुठे भागते ते पेठेला ठाऊक असते आणि पिशवी केव्हा निघते ते शाळकरी पोरही सांगेल. तेव्हा पहिली दक्षता म्हणजे आपली रीत मोडणे.

गल्ला दिवसातून एकदाच न उचलता दोन-तीन वेळा उचलावा. भरणा शक्यतो उजेडी करावा आणि वेळ, वाट, माणूस बदलत राहावे. रक्कम मोठी असेल तर दोघे जावेत, त्यांतला एक मालक स्वतः असावा. पैशाची पिशवी पैशाची दिसू नये. "आज भरणा लई झाला" हे वाक्य चहाच्या टपरीवर बोलू नये. इतर काही जमले नाही तरी एवढे करावे, याला पैसा लागत नाही.

दुकान बाहेरून दिसू द्या

लहान दुकानांच्या लुटीबाबत एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. तो अमेरिकेतला आहे, पण त्यातले शहाणपण आपल्या पेठेलाही लागू पडते. दक्षिण कॅलिफोर्नियात 'सेव्हन-इलेव्हन' नावाची दुकाने रात्री उशिरापर्यंत उघडी असत आणि एकटा नोकर गल्ल्यावर असे. (याच नावाचे भारतातले पहिले दुकान २०२१ मध्ये मुंबईत अंधेरीला निघाले.) १९७० च्या दशकात त्या कंपनीने संशोधकांना हाताशी धरले आणि शिक्षा भोगलेल्या लुटारूंनाच विचारले, की बाबांनो, दुकान निवडताना तुम्ही काय बघता? त्यांचे बघणे दोन गोष्टींवर होते. पैसा किती मिळेल आणि पळायला वाट आहे का. त्यानुसार साठ दुकानांत बदल केले आणि दुसरी साठ होती तशी ठेवली. बदल साधे होते. गल्ल्यात रोकड कमी ठेवायची आणि तशी पाटी लावायची, काचेवरच्या जाहिराती काढायच्या, दिवे वाढवायचे, नोकराला झटापट न करण्याचे शिक्षण द्यायचे. १९७५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. बदल केलेल्या दुकानांत लूट कमी झाली होती.

आता आपापली दुकाने डोळ्यांपुढे आणा. दारावर बियाणे कंपन्यांची पोस्टरे, पायरीवर खताच्या गोण्यांची थप्पी, आत गल्ल्यावर पोरगा आहे का नाही ते रस्त्यावरून दिसत नाही. म्हणजे चोराला आडोसा आपणच करून दिला. मी पोस्टरे काढली, थप्पी मागे सरकवली, दारात एक दिवा वाढवला. रस्त्यावरून जाणाऱ्याला गल्ला दिसला पाहिजे.

कॅमेरा जरूर बसवावा. पण त्यातले चित्रण साठवणारी पेटी गल्ल्याखाली ठेवू नये, चोर ती उचलून नेतो. ती कुलपात, नजरेआड असावी आणि चित्रण चालू आहे का ते आठवड्यातून एकदा पाहावे.

कामगाराला स्पष्ट सांगा

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे ते हेच. आपल्या माणसाला आपण हिशेब शिकवतो, खताचे भाव शिकवतो, पण कोणी अंगावर आले तर काय करायचे हे सांगत नाही. मग तो आपल्या मनाने करतो, आणि त्याच्या मनात मालकाची भीती असते. म्हणून चारचौघांसमक्ष सांगून ठेवावे:

१. कोणी धमकावून पैसे मागितले तर देऊन टाक. तुझ्या पगारातून एक पैसा कापणार नाही.
२. झटापट करू नको, त्याच्या वाटेत उभा राहू नको, पाठलाग करू नको.
३. चेहरा, कपडे, बोलण्याची ढब, गाडीचा नंबर, गेला ती दिशा, जमेल तेवढे ध्यानात ठेव.
४. तो गेल्यावर आतून कडी लाव आणि ११२ नंबर फिरव. मग मला फोन कर.
५. त्याने हात लावलेल्या वस्तूंना हात लावू नको आणि कोणाला लावू देऊ नको.

रात्रीच्या राखणदाराचेही तेच. आपण म्हाताऱ्या माणसाला एक काठी देतो आणि सांगतो, "ध्यान ठेव." चार चोर आल्यावर त्या काठीने काय होणार? त्याला आतून कडी लागणारी खोली, चांगली बॅटरी, शिट्टी आणि चार्ज केलेला मोबाइल द्यावा. त्याचे काम चोर धरण्याचे नसून गाव जागे करण्याचे आहे, हे त्याला समजावून सांगावे. दुकानात भगिनी कामाला असतील तर त्यांना अंधार पडण्यापूर्वी मोकळे करावे किंवा घरी पोचवण्याची सोय करावी. दुकान बंद करताना कोणीही एकटे असू नये.

मोबाइलवरची चोरी

आता पुष्कळ पैसा मोबाइलवर येतो, त्यामुळे रोकड कमी झाली हे बरेच झाले. पण चोरही सुधारला. दुकानावरच्या क्यूआर कोडवर स्वतःचा कोड चिकटवणे, पैसे पाठवल्याचे खोटे चित्र दाखवून माल नेणे, असे प्रकार होतात. रोज सकाळी कोड आपलाच आहे का ते तपासावे. ग्राहकाच्या मोबाइलवरचे चित्र न पाहता आपल्या खात्यात जमा झाले का ते पाहावे. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: पैसे घेताना पिन घालावा लागत नाही. पिन मागितला की समजावे, पैसे जाणार. फसवणूक झालीच तर लाजून घरी बसू नये, लगेच १९३० या नंबरवर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम हातची निसटते.

घडलेच तर

आधी माणसाला दवाखान्यात न्यावे, रक्कम मोजत बसू नये. फिर्याद मात्र त्याच दिवशी द्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी पोलीस ठाण्याने खबर नोंदवून घ्यायची आहे आणि फिर्यादीला तिची प्रत मोफत द्यायची आहे. ती प्रत मागून घ्यावी, विम्याला लागते. विम्याचे कागदही आजच काढून वाचावेत. घरफोडीच्या विम्यात सहसा कुलूप-दरवाजा फोडल्याची खूण लागते आणि वाटेत लुटलेल्या रकमेसाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. मी तो घेतलेला नव्हता.

आणखी एक सांगणे आहे. हंगामात चोरी झाली की बोट पहिल्यांदा ऊसतोडीच्या टोळीकडे किंवा घरच्या नोकराकडे जाते. माझ्याही दारात "पोरगंच सामील असंल" असे म्हणणारे आले होते. पुराव्याशिवाय असे बोलू नये. मार खाल्लेल्या माणसाला पुन्हा मारण्यासारखे आहे ते.

आपल्या माणसावर विश्वास ठेवायचा म्हणजे हिशेब सोडायचा असे मात्र नव्हे. रोज संध्याकाळी दोघांनी मिळून गल्ला मोजावा, वहीवर दोघांनी सह्या कराव्यात. कमी-जास्त निघाले तर त्याच वेळी उलगडा होतो आणि मनात किल्मिष राहत नाही. आमच्याकडे आता हीच पद्धत आहे. ते कापलेले दोनशे रुपये मी दवाखान्यातच परत केले, त्याचा सगळा खर्चही केला. पण त्याचे मनगट पूर्वीसारखे वळत नाही. पन्नास किलोची गोणी तो आता उचलू शकत नाही. बिले करतो, वही लिहितो.

चौऱ्याऐंशी हजार दोन हंगामांत भरून आले. ते मनगट भरून आले नाही. तेव्हा सभासद बंधू-भगिनींनो, हा अंक बाजूला ठेवण्यापूर्वी एक काम करा. आपल्या दुकानावर, गुऱ्हाळावर, गिरणीवर जो कोणी माणूस आहे त्याला हाक मारा आणि सांगा, "बाबा, वेळ आली तर पैसा सोड, तू सलामत राहा."