वळचणीचे पाणी

वैशाखाच्या उन्हाने अंगाची लाही होत असताना पावसाविषयी बोलावयास उभे राहावे, हे श्रोत्यांना थोडे विक्षिप्त वाटेल. परंतु आजचा आमचा विषय वैशाखातच बोलण्याचा आहे. मृगाच्या सरी सुरू झाल्या की पत्रेकाम करणारा कारागीर हाती लागत नाही, आणि लागला तरी निसरड्या छपरावर त्याला चढवणे हे माणुसकीला धरून होत नाही. म्हणून पागोळ्या गळू लागण्यापूर्वीच पन्हळीचा विचार झालेला बरा.

पन्हळ ही घरातली फार गरीब वस्तू आहे. दाराच्या चौकटीला कोरीव काम असते, दिवाणखान्याला रंग असतो. पन्हळीकडे मात्र ती गळू लागेपर्यंत कोणी मान वर करून पाहत नाही. तिच्यावर येणारा भार किती, हे आधी पाहू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी झाले. घराच्या छपराने झाकलेली जागा ५० चौरस मीटर धरली आणि वळवाच्या जोरदार सरीने तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस दिला, तर छपरावरून २,५०० लिटर पाणी खाली येते. पंधरा लिटरची बादली धरली तर दीडशेहून अधिक बादल्या! कोणी आपल्या घराच्या पायाशी तासाभरात दीडशे बादल्या ओतू लागला, तर आपण त्याचा हात धरू. आकाश तेच करते तेव्हा मात्र आपण खिडकीत बसून चहा घेतो.

पन्हळ नसली की पागोळ्या एकाच रेषेत पडतात, जमिनीत चर खणतात आणि उडालेला चिखल जोत्यावर मारतात. आपल्या जुन्या वाड्यांच्या कित्येक भिंती मातीच्या चुन्याविना केलेल्या बांधणीच्या आहेत. त्या खालून ओल शोषून घेतात. पाणी सुकते, पण त्यातले क्षार मागे राहतात, भिंतीला लोणा लागतो आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. 'वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही' अशी आपली म्हण आहे. ते खरेच, पण तेच पाणी भिंतीत शिरले म्हणजे हातभर, कधी कमरेइतके वर चढते. वाशांची टोके ओली राहिली की ती कुजतात आणि वाळवीला आमंत्रण मिळते.

याहून कठीण प्रकार काळ्या जमिनीचा. तो आम्हाला पुस्तकातून नव्हे, स्वतःच्या घरातून कळला. शहराच्या कडेला, काळ्या मातीवर आम्ही घर बांधले आणि मोठ्या हौसेने त्याला चारी बाजूंनी पन्हळी लावल्या. उतरता नळ जोत्याच्या कोपऱ्याशी येऊन थांबला. गटारापर्यंत फरशीचा पाट काढण्याचे काम आम्ही 'पुढे पाहू' म्हणून ठेवले. त्यात तीन पावसाळे गेले. चौथ्या वर्षी पावसाळ्यात कोपऱ्यातल्या खोलीचे दार घट्ट बसू लागले, उन्हाळ्यात सैल होऊ लागले. मग खिडकीच्या खालून कोपऱ्याकडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी चीर दिसली. आमचे एक स्थापत्यविशारद स्नेही पाहावयास आले. त्यांनी चिरेकडे क्षणभर पाहिले आणि ते थेट बाहेर जाऊन नळाच्या तोंडाशी उभे राहिले. काळी माती पाण्याने फुगते व वाळली की आकसते; साऱ्या छपराचे पाणी एकाच कोपऱ्याला पाजून आम्ही तो कोपरा दरवर्षी वर उचलीत आणि खाली बसवीत होतो. पन्हळ नसती तर हे पाणी निदान चहूकडे वाटले गेले असते. दोष कारागिराचा नव्हता, आमचा होता. जो पाट थोडक्या खर्चात झाला असता, त्याच्या कितीतरी पट रक्कम त्या भिंतीने घेतली.

यावरून आम्ही एक गोष्ट शिकलो. पन्हळीचे काम पाणी झेलणे एवढेच नाही. ते घरापासून दूर नेऊन सोडणे हे आहे. म्हणून योजना खालून वर करावी. आधी पाणी कोठे सोडायचे ते ठरवावे. ते पायापासून निदान पाच-सहा फूट दूर, उताराच्या पाटाने गटारात, बागेत किंवा टाकीत जावे. मग नळ. वर सांगितलेल्या छपराला चार इंची दोन नळ असावेत, म्हणजे एक तुंबला तरी दुसरा घर सांभाळतो. मग पन्हळ. तिला नळाच्या दिशेने दर दहा फुटांस सुमारे अर्धा इंच उतार द्यावा. तो नजरेने नव्हे, दोरी आणि पाणसळ लावून. आधाराचे आकडे दोन-अडीच फुटांवर ठोकावेत. कौलाची कड पन्हळीत दीड-दोन इंच पुढे यावी. पन्हळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा किंचित खाली ठेवावी, म्हणजे कधी भरून वाहिलीच तर पाणी भिंतीवर न येता अंगणात पडेल.

पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला घ्यावा. ही युक्ती जुनी आहे. फ्रान्समध्ये सोरेल याने १८३७ साली तिचे पेटंट घेतले. जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. म्हणून जेथे पत्रा कापला वा भोक पाडले, तेथे जस्ताचा रंग लावावा. तांब्याच्या पत्र्यावरून आलेले पाणी या पन्हळीत सोडू नये. ते जस्त खाते. प्लास्टिकच्या पन्हळीला गंज नाही, पण ती उन्हाने लांबते. तिच्या सांध्यांत थोडी मोकळीक हवी.

आता निगा. वर्षातून दोनदा पन्हळ हाताने साफ करावी: एकदा मृगापूर्वी आणि एकदा पावसाळ्याच्या मध्ये, उघडीप पाहून. जवळ झाड असेल तर अधिक वेळा. नळाच्या तोंडाशी जाळी बसवावी, पण जाळी बसवली म्हणजे सफाई सुटली असे समजू नये. पाने जाळीवरच साचतात. साफ केल्यावर वरून एक बादली पाणी ओतून पाहावे. ते कोठे अडले, तर तेथे उतार बिघडला आहे. अडलेले पाणी साधे समजू नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत नवा डास उडू लागतो. आणि पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेले पिंपळाचे रोप पन्हळीच्या गाळात दिसले, तर ते बोटभर असतानाच उपटावे. मूळ भिंतीत गेले की मग रोप निघते, पण भिंत घेऊन निघते.

शेवटी एक अडचण सांगितल्यावाचून राहवत नाही. वाड्यात किंवा सोसायटीत पन्हळ सामायिक असते, आणि सामायिक वस्तू कोणाचीच नसते. मालक भाडेकरूकडे बोट दाखवतो, भाडेकरू मालकाकडे, वरच्या मजल्याचा खालच्याकडे. पाणी मात्र कोणाचे मत न विचारता खाली येते आणि बहुधा तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसाच्या अंथरुणापाशी पोहोचते. आपले पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडणे हाही त्याच आळसाचा एक प्रकार. या उन्हाळ्यात चार घरांनी मिळून एक शिडी आणि एक कारागीर आणला, तर कोणावर फारसा भार पडणार नाही. आज घरी परतताना प्रत्येकाने दाराशी क्षणभर थांबून मान वर करावी आणि मग नळाचे तोंड कोठे संपते ते पाहावे. एवढे झाले तरी आमचे तासभर बोलणे सत्कारणी लागले, असे आम्ही समजू.